छबिना म्हणजे नक्की काय? देवाची मिरवणूक की लष्कराचा पहारा?

प्रूफवाली_शाहूपुरी विचारते:

"ताई, आमचा छबिना कुठं गेला?"

गेल्या मंगळवारी छापखान्याचं शटर वर करायच्या आधीच हा प्रश्न दारात उभा होता. विचारणारे वाळवा तालुक्यातल्या एका गावच्या यात्रा कमिटीतले आण्णा. वय ऐंशीच्या घरात, डोक्याला पांढरा फेटा, हातात आम्हीच छापून दिलेली पत्रिका. पहिल्या एस्टीनं आले होते.

मी कोल्हापुरात अठरा वर्षं डीटीपी करते आणि प्रूफ वाचते. लग्न, वास्तुशांत, बारसं, आणि माघ उलटला की गावोगावच्या यात्रा. यात्रेच्या पत्रिकेचा साचा मला तोंडपाठ आहे: पहाटे अभिषेक, दुपारी नैवेद्य, रात्री शोभेचं दारूकाम, दुसऱ्या दिवशी सकाळी कलावंतांच्या हजेऱ्या आणि दुपारी निकाली कुस्त्यांचं जंगी मैदान. आण्णांनी वहीच्या पानावर मजकूर लिहून दिला होता, त्यात एक ओळ होती, 'रात्री ९ वाजता श्रींचा छबिना'. मी कोल्हापुरातच वाढले. अंबाबाईची शुक्रवारची पालखी लहानपणी आज्जीचा पदर धरून बघितली, आमच्या घरात सगळे 'पालखी'च म्हणायचे. छबिना हा शब्द कानावरून गेलेला, पण तो 'छबी'वरून आला असावा असं मी धरून चालले होते. देवाची छबी निघते म्हणून छबिना. पत्रिकेत लोकांना कळेल असं असावं म्हणून मी तिथं 'श्रींचा पालखी सोहळा' असं केलं. आण्णांच्या पुतण्याला व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवलं, त्याचा अंगठा आला, हजार पत्रिका छापून गेल्या.

आण्णा रागावले नाहीत. बाकावर बसले, पाणी प्याले आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "पालखी दुपारची, ताई. ती नदीवर जाती, देव आंघूळ करून येतो. रातचा छबिना येगळा. आमचा आज्जा सांगायचा, छबिना म्हंजे देवाची गस्त. फौजंत असती तसली. ही चिठ्ठी घेऊन पावणं गावात आलं की इचारणार, यंदा छबिना न्हाई व्हय?"

त्यांचं म्हणणं मनात रुतून बसलंय. पत्रिका मी परत छापून देणार आहे, कागद मालकांनी दिला, छपाईचे पैसे मी भरतेय, तो विषय संपला. पण शब्द मला नीट समजून घ्यायचाय. फौजेतली गस्त आणि देवाची मिरवणूक यांना एकच नाव कसं? हा शब्द खरंच लष्करातला आहे का? आणि तो छबिना लिहायचा की छबीना? गेल्या चार दिवसांत आमच्याकडच्या जुन्या पत्रिका चाळल्या, दोन्ही सापडले. एकदा चूक झाली, आता दुसऱ्यांदा व्हायला नको.

---

संजय_आयटीआय:

माझ्या मते छबी वरूनच. देवाची छबी म्हणजे मूर्ती पालखीत ठेवून फिरवतात. आमच्याकडे साताऱ्याला सगळ्या यात्रांत छबिना असतो, फौजेचा काही संबंध ऐकला नाही.

---

मोडीवाचक_करवीर:

ताई, आण्णांच्या आजोबांनी बरोबर सांगितलं होतं. संजयराव, छबीवरून ही समजूत बरीच पसरलेली आहे, ऐकायलाही पटते, पण शब्द वेगळ्या घरचा आहे.

फारसीत रात्रीला शब म्हणतात. शब-ए-बारात मधला शब तोच. शबनम म्हणजे दव, शब्दशः रात्रीची ओल. त्याच शबवरून शबीना, म्हणजे रात्रीचा, रात्रीत होणारा. दख्खनच्या सुलतानी लष्करांत फारसी शब्दांचा सुकाळ होता आणि मराठे सरदार पिढ्यान्‌पिढ्या त्या लष्करांत चाकरीला होते. तिथून हवालदार आला, सरनौबत आला, जुमलेदार आला, तसाच हा. श चा छ होणं मराठी कानाला नवं नाही. संस्कृत शावकाचा आपण छावा केला, शकटाचा छकडा केला. शबीन्याचा छबिना झाला.

लष्करात छबिना म्हणजे तळाभोवती रात्री फिरणारा पहारा, आणि तो पहारा करणारी तुकडीसुद्धा. जुन्या मराठी कोशांत हा अर्थ मिळतो आणि देवाच्या रात्रीच्या मिरवणुकीचा अर्थही मिळतो. मी मोडी कागद वाचतो, त्यामुळे हा शब्द माझ्यासाठी देवळातला नंतर झाला, छावणीतला आधी.

तळ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या शब्दाची गरज कळेल. मोहिमेवरचं लष्कर म्हणजे नुसते लढणारे नव्हेत. हजारो घोडी, ओझ्याचे बैल, उंट, दाणावैरण, बाजार, बायाबापड्या, कारागीर. तंबू-राहुट्यांचं एक गावच रोज संध्याकाळी उभं राहायचं आणि सकाळी उठायचं. या गावाला ना तट, ना वेस. घोडी ओळीनं मेखांना बांधलेली, पुढच्या दोऱ्या ती अगाडी, मागच्या पायांच्या त्या पिछाडी. रात्री कुणी त्या दोऱ्या कापल्या आणि घोडी उधळली तर लढाई न होताच लष्कर बसलं. शत्रू छापा घालायचा तोही रात्रीच. म्हणून ज्या तळाला भिंत नाही त्याची भिंत म्हणजे छबिना. माणसांनीच रात्रभर फिरून तळाभोवती कड आखायची.

आपल्याकडे पहाऱ्याचे शब्द किती बारकाईनं वेगळे केलेत तेही बघा. चौकी म्हणजे ठरलेली जागा, तिथून हलायचं नाही. मेट म्हणजे गडाच्या वाटेवर, उतारावर बसवलेली वस्ती, तीही जागच्या जागी, तिथले ते मेटकरी. पहारा हा शब्द प्रहरावरून आला, त्यात वेळेचं माप आहे. गस्त हा फारसी गश्त, म्हणजे फिरणं. पुढे फिरंग्यांकडून रोंद आला, तोही फिरतीचाच. आणि छबिना या शब्दात रात्र आहे. दिवसा छबिना होत नाही. पालखी दुपारची आणि छबिना रातचा, असं आण्णा म्हणाले ना? त्यांनी शब्दाचं मूळ न बघता त्याचा नेमका अर्थ सांगितला.

शुद्धलेखनाचं सोपं आहे. खजिना, महिना, नगिना जसे लिहितो तसाच छबिना. शेवटचं अक्षर दीर्घ, तेव्हा त्याच्या आधीची वेलांटी पहिली. फारसीत खझीना असला तरी मराठीत खजिनाच. सामान्यरूप छबिन्या: छबिन्याला, छबिन्यात, छबिन्याचे मानकरी. शब्द पुल्लिंगी. छबिना निघतो, फिरतो, परत येतो. 'छबिन्याची मिरवणूक' असं हल्ली छापतात, ते टाळा. छबिन्यात मिरवणूक आलीच.

---

सुभेदार_निवृत्त:

प्रूफवाली ताई, तुमची चिठ्ठी वाचली आणि रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितो. मी शिरोळ तालुक्यातला. आमच्याकडं सैनिक टाकळी म्हणून गावच आहे, घरटी एक तरी माणूस फौजेत. मी २८ वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढली. बेळगावला सेंटरला रंगरूट म्हणून दाखल झालो तेव्हा ओठावर नीट मिसरूडही नव्हतं. मोडीवाचक साहेबांसारखं वाचन माझं नाही. पण रात्रीचा पहारा म्हणजे काय ते मला विचारा.

गार्डमध्ये दोन तास ड्यूटी, चार तास आराम. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, चार तास झोप मिळती. चार तासांतला एक बूट काढून अंग गरम करण्यात जातो, एक परत उठायच्या धास्तीत. राजौरीकडं आमची एक पोस्ट होती. तारेच्या कुंपणाला आम्ही रिकामे डबे बांधायचो, दुधाचे, फळांचे, आत दोन खडे टाकून. तारेला धक्का लागला की वाजले पाहिजेत. पण वारा सुटला की रात्रभर तेच वाजायचे. महिनाभरात कान असे तयार झाले की वाऱ्यानं वाजलेला डबा आणि कोल्ह्यानं वाजवलेला डबा झोपेतसुद्धा वेगळा कळायचा. माणसानं वाजवलेला डबा मी एकदाच ऐकला. तो एक वाजून गप्प झाला. वाऱ्यानं डबे कधी एकटे वाजत नाहीत.

आता छबिन्याचं. फौजेत आम्हाला दोन वेगळ्या गोष्टी शिकवतात आणि लोक त्या एकच समजतात. पेट्रोलिंग, म्हणजे गस्त, ती गुपचूप. आवाज नको, उजेड नको, रोजची वाट नको, रोजची वेळ नको. काल गेलो त्या वाटेनं आज गेलो तर वाटेत कुणीतरी वाट बघत बसलेलं असतं. पण पहारा ऐकू आला पाहिजे. संत्री ओरडतो, थम, कौन आता है. तो ओरडतो तेव्हा समोरच्याला थांबवतोच, पण मागं झोपलेल्या शंभर जणांना सांगतो की मी जागा आहे. आमच्या कॉलनीतला गुरखा रात्री काठी आपटत, शिट्टी मारत जातो, ते याचसाठी. चोराला कळलं तरी चालेल, झोपलेल्याला कळलं पाहिजे.

देवाचा छबिना हा दुसऱ्या जातीचा. वाजत गाजत, मशाली घेऊन, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेनं. शत्रू शोधायला निघालेली ती गस्त नव्हे, गावाला ऐकू जावा म्हणून फिरणारा तो पहारा. माझं मत आहे, चूक असेल तर साहेबांनी सांगावं.

आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीला होते. म्हातारपणी अंगणात खाट टाकून झोपायचे. रात्री आम्ही पोरं तमाशा बघून चोरपावलानं आलो की अंधारातनं आवाज यायचा, "हुकुमदार!" आम्हाला वाटायचं, हुकूम देतात. मी फौजेत गेल्यावर कळलं, इंग्रजांचे संत्री 'हू कम्स देअर' म्हणायचे, आमच्या लोकांनी त्याचा हुकुमदार केला. आणि ताई, तुम्ही रोज बोलत असाल तो शब्द, 'आलबेल'. सगळं आलबेल आहे. तोसुद्धा संत्र्याचाच. रात्री घटका वाजली की एका चौकीवरनं दुसऱ्या चौकीला हाळी जायची, ऑल इज वेल. त्याचं झालं आलबेल. आज बायका फोनवर एकमेकींना विचारतात, माहेरी आलबेल ना. त्यांना माहीत नसतं की त्या संत्र्याची हाळी देतात.

पहारा ढिला पडला की काय होतं ते आपल्या पन्हाळ्याइतकं कुणी बघितलं नाही. १६६० सालचा सिद्दी जौहरचा वेढा. मार्चपासून आवळलेला, माणूस बाहेर पडणं मुश्किल. महाराजांनी शरण येण्याचं बोलणं लावलं, वेढ्यातल्या माणसांना वाटलं, आता संपलंच. त्यात आषाढाचा पाऊस. चौक्या-पहारे सैल झाले आणि १२ जुलैच्या रात्री महाराज सुमारे ६०० माणसांनिशी निसटले. पुढं शिवा काशीद, पुढं घोडखिंड, बाजीप्रभू, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी मात्र तीन दरवाजात उभा राहिलो की त्या वेढ्यातल्या संत्र्याचा विचार करतो, पावसात घोंगडी डोक्यावर ओढून बसलेला. आणि तेरा वर्षांनी, १६७३ च्या मार्चमध्ये, उलटं झालं. गड आदिलशाहीकडं होता. कोंडाजी फर्जंद ६० माणसं घेऊन रात्री वर चढला आणि सकाळी गड स्वराज्यात. एवढा मोठा गड आणि ६० माणसं. आतला पहारा जागा असता तर ते जमलं असतं का?

पत्रिकेत छबिना शब्द ठेवा. फौजी माणूस म्हणून हात जोडून सांगतो.

---

अंबाई_टँक:

सुभेदार काका, डब्याचं वाचून अंगावर काटा आला.

एक विचारू का? शिवजयंतीला गारद देतात, 'प्रौढप्रताप पुरंदर' वगैरे, त्यातला गारद आणि पहारा यांचा संबंध आहे का? आमच्या तालमीत पोरं म्हणतात गारद म्हणजे घोषणा.

---

मोडीवाचक_करवीर:

संबंध आहे. गारद म्हणजे मुळात गार्ड, पहाऱ्याची तुकडी. वाड्यावर गारद बसवली, दरवाजावर गारद होती, असा त्याचा जुना वापर. पेशवाईतल्या कवायती पायदळातले गारदीही त्याच कुळातले, ज्यांनी १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून केला. राजाच्या स्वारीपुढे चालणारे पुकारा करायचे, बिरुदावली म्हणायचे. आता आपण त्या पुकाऱ्यालाच गारद म्हणतो. तालमीतली पोरं आज ज्या अर्थानं बोलतात तो अर्थ रुळलेला आहे, त्यांना चूक म्हणू नका. पण मूळ त्यांना जरूर सांगा, त्यांना आवडेल.

सुभेदार साहेब, तुमचं मत मला पूर्ण पटलं. ऐकू येणारा पहारा आणि ऐकू न येणारी गस्त, हा फरक मी कागदांत इतका स्वच्छ कधी वाचला नव्हता. आता छबिना शब्द आला की तो मनात ठेवून वाचेन.

ताई, तुमच्या साच्यातला आणखी एक शब्द घ्या. 'कुस्त्यांचे जंगी मैदान' असं तुम्ही दर यात्रेला छापता. जंग म्हणजे लढाई, जंगी म्हणजे लढाईचं. सुभेदारांच्या रेजिमेंटमधल्या पहिल्या बटालियनला जंगी पलटण म्हणतात तो जंगी हाच. आणि कलावंतांच्या 'हजेऱ्या'. लष्करात शिपायांची, घोड्यांची हजेरी घ्यायचे, तीच हजेरी आता तमाशाचे फड देवापुढे देतात. आपल्या यात्रेची अर्धी पत्रिका छावणीच्या भाषेत आहे. दसऱ्याचं शिलंगणसुद्धा सीमोल्लंघन, पावसाळा सरला की सीमा ओलांडून मोहिमेवर निघायचा दिवस. दसरा चौकात सोनं लुटताना हे किती जणांच्या मनात येत असेल कोण जाणे, पण शब्द आपलं काम करत असतो.

---

बाबूजमालजवळचा:

मोडीवाचक साहेबांनी शबीना म्हटल्यावर मी खुर्चीतून उठलोच. आमच्या घरात हा शब्द दरवर्षी असतो. रमजानमध्ये शबीना होतो. म्हणजे तरावीहच्या, रमजानमधल्या रात्रीच्या नमाजात एरवी महिनाभरात पुरं होणारं कुराण एका रात्रीत किंवा दोन-तीन रात्रींत पूर्ण पढायचं. हाफिज साहेब, म्हणजे कुराण तोंडपाठ असलेले, आळीपाळीनं पढतात, लोक मागे उभे राहून ऐकतात. लहानपणी अब्बांबरोबर गेलो होतो. पाय भरून आले, मागच्या भिंतीला टेकून डोळा लागला. जाग आली तेव्हा पढणाऱ्याचा आवाज बदललेला होता, आणि अब्बा होते तिथंच उभे.

अंबाबाईच्या देवळापासून आमची गल्ली हाकेवर. शुक्रवारी रात्री पालखीचा आवाज घरात येतो. आमचा शबीना आणि तुमच्या आण्णांचा छबिना हे एकाच शब्दाचे दोन सख्खे भाऊ निघतील, हे आज कळलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दोन्हीकडं रात्रभर जागायचंच ना.

---

तुळजापूरची_सून:

माझं माहेर तुळजापूर, सासर कोल्हापूर. माहेरी हा शब्द इतका रोजचा की कुणी त्याचा अर्थ विचारत नाही. भवानीआईचा छबिना निघतो तेव्हा संबळ वाजतो, पोत पेटलेले असतात, आणि 'आई राजा उदो उदो' म्हणत देवळाभोवती प्रदक्षिणा होते. आजोबा सांगायचे, आई आपल्या अंगणातनं फेरी मारून येते. राखण करायला, असं मात्र ते कधी म्हणाले नव्हते, पण आता तसंच दिसायला लागलंय.

लग्न होऊन इथं आले तेव्हा नवरात्रात अष्टमीला सासूबाई म्हणाल्या, चल, अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघालीय. महाद्वार रोडला गर्दीत उभी राहिले, रांगोळ्या काढलेल्या, फुलांचा सडा. मी पटकन बोलून गेले, "छबिना किती मोठा आहे इथला!" सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "काय म्हणालीस?" त्या दिवसापासून आमच्या घरात त्या मुद्दाम छबिना म्हणतात. मला माहेरची आठवण यावी म्हणून.

ताई, तुम्ही शब्द बदललात याचं मनाला लावून घेऊ नका. तुमच्या कोल्हापुरात तो कमी वापरतात इतकंच. पण ज्या गावात तो आहे तिथं तो काढला की त्या गावच्या बायकांना चुकल्यासारखं होतं, हे खरं.

---

संजय_आयटीआय:

मोडीवाचक सर, छबीचं माझं चुकलं. खजिना, महिना, छबिना हे डोक्यात पक्कं बसलं. आमच्या गावच्या पत्रिकेत 'छबीना' छापून येतं, यंदा सांगतो कमिटीला.

---

प्रूफवाली_शाहूपुरी:

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. सुभेदार काका, तुमचं लिखाण मी छापखान्यात मोठ्यानं वाचून दाखवलं. मशीनवरचा आमचा मुलगा एकदम गप्प झाला. त्याचा भाऊ टेंबलाईवाडीच्या टीए (टेरिटोरियल आर्मी) बटालियनमध्ये आहे.

आज आण्णा नव्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आले. या वेळी पुतण्याच्या अंगठ्यावर मी विसंबले नाही, त्यांनाच बोलावलं. चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी एकेक ओळ वाचली. मी तुमचं सगळं त्यांना सांगितलं, शब म्हणजे रात्र, तळाभोवतीचा पहारा, ऐकू येणारा आणि न येणारा. ते ऐकत राहिले. मग मी विचारलं, "आण्णा, तुमचा छबिना फिरतो कुठून?"

त्यांनी माझ्या टेबलावरच्या रद्दी कागदावर बोटानं गाव काढलं. देवळातनं निघायचं, उजव्या हाताला ठेवून गावाला वळसा. पूर्वी तिथं पांढऱ्या मातीचं गावकूस होतं, आता पडलंय, वर घरं झालीत, पण छबिना अजून त्या पडलेल्या कुसाच्या बाहेरूनच जातो. त्यासाठी एका ठिकाणी लोकांच्या परसातनं वाट काढावी लागते, दुसरीकडं उसाच्या बांधावरनं. नव्या पोरांनी सांगून बघितलं, डांबरी रस्त्यानं नेऊ, सोपं पडेल, डीजेची गाडीपण जाईल. जुन्या माणसांनी ऐकलं नाही. "देवळापासनं वेशीपर्यंत नेऊन माघारी आणायचा तर मग छबिना कशाला," आण्णा म्हणाले, "पालखीच की ती."

मोडीवाचक सर, तुम्ही लिहिलं होतं, छबिना म्हणजे तळाभोवती आखलेली कड. आण्णांचं बोट कागदावर फिरत होतं तेव्हा मला तीच दिसत होती. मी 'पालखी सोहळा' लिहिलं तेव्हा ती अख्खी वाट पुसली होती.

गावाच्या चारी कोपऱ्यांवर थांबतात. प्रत्येक ठिकाणी दगड आहे, शेंदूर लावलेला. तिथं मशाली खाली टेकवतात, नारळ फुटतो, वाजंत्री थांबते. पुजारी अंधाराकडं तोंड करून मोठ्यानं देवाचं नाव घेतो. मी विचारलं, "मग लोक काय म्हणतात?"

आण्णांनी प्रूफ खाली ठेवलं आणि बसल्या जागेवरनं हाळी दिली, "चांगभलं!"

मशीनवरच्या मुलानं मान वळवून बघितलं. मला सुभेदार काकांची आलबेलची हाळी आठवली, एका चौकीवरनं दुसऱ्या चौकीला जाणारी. दोन्ही शब्द कुठल्या कुठले, त्यांचं नातं मी जोडत नाही. पण रात्री गावाच्या कोपऱ्यावर उभं राहून काय ओरडायचं, तर सगळं चांगलं आहे, भलं आहे.

आण्णांनी प्रूफवर सही केली. जाताना म्हणाले, "छबिन्याला या ताई, जेवायलाच या. रातच्याला ऱ्हावा, बारा वाजत्यात परत यायला." जाणार आहे. सासूबाईंना आणि मुलीला घेऊन जाणार आहे.

पत्रिका उद्या सकाळी मशीनवर चढते. ओळ अशी आहे: 'रात्री ९ वाजता श्रींचा छबिना'. बि ला पहिली वेलांटी. मी तीनदा बघितलीय.